घेवडा-राजम्यातील प्रथिनांमुळे रक्तदाब खरोखर कमी होतो का?

आपला रक्तदाब काही महिन्यांपासून 138/88 च्या आसपास आहे, औषध अद्याप सुरू झालेले नाही, आणि घेवडा, राजमा, सोयाबीन यांतील प्रथिने ‘औषधासारखी’ काम करतात असे वाचनात आल्यामुळे त्यांची पावडर घ्यावी का, असे आपण विचारले आहे. माझे मत थोडक्यात असे: रक्तदाब उतरतो, पण बेताचाच, आणि त्यासाठी पावडरीची गरज नाही, नीट शिजवलेले दाणे पुरेसे आहेत.

‘औषधासारखी’ हा शब्द कुठून आला ते समजून घेण्याजोगे आहे. आपल्या रक्तात अँजिओटेन्सिन-1 नावाची दहा अमिनो आम्लांची (प्रथिनांच्या मूळ घटकांची) साखळी असते, जी स्वतः फारसे काही करत नाही. एसीई हे विकर (एन्झाइम) तिच्या टोकाची दोन अमिनो आम्ले तोडते, आणि उरलेली आठांची साखळी, म्हणजे अँजिओटेन्सिन-2, रक्तवाहिन्या आवळते व मीठ आणि पाणी शरीरात धरून ठेवायला भाग पाडते. रक्तदाबावरील औषधांचा एक मोठा गट याच विकराला अडवतो. त्यांपैकी कॅप्टोप्रिल हे औषध 1981 मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि त्याची मूळ कल्पना ब्राझीलमधील एका विषारी सापाच्या विषात सापडलेल्या छोट्या पेप्टाइडांवरून, म्हणजे अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्यांवरून, सुचली होती. घेवड्याच्या दाण्यातील फॅसिओलिनसारखी प्रथिने पाचक विकरांनी तोडली असता काही अगदी लहान पेप्टाइडे मिळतात आणि तीही परीक्षानळीत एसीईला अडवतात. त्यामुळे या दाव्याला शास्त्रीय पाया आहे, हे मान्यच करायला हवे.

मात्र परीक्षानळी आणि माणसाचे शरीर यांत मोठे अंतर आहे. ही पेप्टाइडे औषधाइतका परिणाम साधायला शेकडो पटींनी अधिक प्रमाणात लागतात. शिवाय आतड्याच्या भिंतीवरची आणि रक्तातली विकरे त्यांचे आणखी तुकडे करत असतात, आणि आतड्यातून अखंड पार होणारी बहुतेक पेप्टाइडे दोन-तीन अमिनो आम्लांचीच असतात. उच्च रक्तदाब असलेल्या उंदरांवरील प्रयोगांचे निष्कर्ष जाहिरातींत माणसाला जसेच्या तसे लावले जातात, ते मला मुळीच पटत नाही, कारण वाचणारा माणूस त्यावर विसंबून स्वतःची औषधे बंद करू शकतो.

माणसांवरचे पुरावे पाहिले तर चित्र अधिक संयत दिसते. 2014 मध्ये आठ नियंत्रित चाचण्यांमधील 554 व्यक्तींची माहिती एकत्र तपासण्यात आली. दररोज साधारण 160 ग्रॅम कडधान्ये खाणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी सव्वादोन मिलिमीटरने (पाऱ्याच्या) कमी आढळला. खालच्या आकड्यात खात्रीलायक फरक दिसला नाही. त्याआधी 2005 मध्ये चीनमधील 302 जणांच्या चाचणीत रोज 40 ग्रॅम सोयाप्रथिने बारा आठवडे दिल्यावर वरचा आकडा सुमारे 4.3 आणि खालचा 2.8 मिलिमीटरने उतरला. तेथे तुलना कर्बोदके घेणाऱ्यांशी होती, आणि मला हीच बाब सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण प्रथिने कोणत्या पदार्थाच्या जागी आली यावर परिणाम अवलंबून असतो. रोजच्या आहारात काहीही कमी न करता वर पावडरीचे दोन चमचे घातल्याने केवळ उष्मांक वाढतील, आणि वजन वाढले की रक्तदाबही वाढतो.

अख्ख्या दाण्यात प्रथिनांचा वाटा वेगळा काढता येत नाही, आणि तसा तो काढण्याची आपल्याला गरजही नाही. मीठ न घालता शिजवलेल्या एक कप राजम्यात सुमारे 15 ग्रॅम प्रथिने, 11 ग्रॅम तंतू आणि 700 मिलिग्रॅम पोटॅशियम असते, तर सोडियम जवळजवळ नसतेच. प्रथिनांतील आर्जिनिनपासून शरीर नायट्रिक ऑक्साइड बनवते, ज्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात. पोटॅशियममुळे मूत्रावाटे सोडियम बाहेर पडते. म्हणूनच शिजवताना सढळ हाताने मीठ घातले तर मिळालेला फायदा बराचसा वाया जातो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅम मिठाची आहे, तीही सगळ्या खाण्यात मिळून. डबाबंद दाणे असतील तर पाणी ओतून ते धुवून घ्यावेत.

राजमा कधीही अर्धाकच्चा खाऊ नये, कारण त्यातील लेक्टिन या विषारी प्रथिनामुळे काही तासांत तीव्र उलट्या होतात. दाणे किमान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळावेत. मंद आचेच्या भांड्यातले तापमान त्यासाठी अपुरे पडते. पोट फुगत असेल तर रोज पाव कपापासून सुरुवात करून काही आठवड्यांत प्रमाण वाढवावे.

मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा पुढे एसीई-रोधक, लोसार्टनसारखे औषध किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही रक्तदाबाची औषधे सुरू झाली, तर पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकते. अशा वेळी दाण्यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आपल्याला मधुमेह असेल तर 138/88 हा आकडाही वाट पाहण्यासारखा नाही. नसेल, तर आहार बदलून तीन महिने पाहायला हरकत नाही, पण रक्तदाब पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून, दोनदा मोजून लिहून ठेवावा, आणि ती नोंद डॉक्टरांना दाखवावी.