एकच आडनाव म्हणजे एकच मूळ पुरुष? डीएनए काय सांगतं?

तुमचा प्रश्न असा की दोन घराण्यांचं आडनाव एकच आहे, तर डीएनए चाचणीने मूळ एक आहे का ते कळेल का? कळू शकतं, पण चाचणी योग्य निवडायला हवी.

आडनावासारखंच, फक्त पुरुषांत असणारं वाय गुणसूत्रही बापाकडून मुलाकडे जातं, जवळपास न बदलता. म्हणून दोन्ही घराण्यांतल्या एकेका पुरुषाने वाय-डीएनए चाचणी करावी. गालाच्या आतून काडी फिरवायची, बस्स. मुलगी असाल तर भावाला, वडिलांना किंवा चुलत्यांना तयार करा.

ब्रायन साइक्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने आपल्याच आडनावाचे 48 पुरुष तपासले. त्यातल्या 21 जणांचं वाय एकच निघालं, म्हणजे निम्म्याहूनही कमी. दत्तक, आईचं आडनाव लावणं, विवाहबाह्य संतती, यातून धागा तुटतो. स्मिथसारख्या धंद्यावरून आलेल्या आडनावांत तर जुळण्याची आशाच कमी.

आपल्याकडे हे फार लक्षात ठेवा. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही हुद्द्यावरून आलेली नावं, गावोगावी वेगवेगळ्या घराण्यांनी लावलेली. ‘कर’ लागलेलं आडनाव गाव सांगतं, रक्त नाही. शिवाय वतन टिकवायला दत्तक घेणं आपल्याकडे सर्रास होतं, त्यामुळे निकाल जुळला नाही तरी आजोबांना कृपा करून ‘परके’ म्हणू नका. दत्तक आलेला मुलगाही त्या घराचाच होता.

आधी कुलवृत्तांत, कुलदैवत आणि मूळ गाव ताडून पाहा. ते जुळत असेल तरच चाचणीवर पैसे घाला.