खुर्च्या नंतर, आधी ती पॉलिसी

पत्र थोडक्यात असं: “मी ३९ वर्षांचा, सहा वर्षं डेन्मार्कमध्ये ऑर्हूसला नोकरी करतोय. पुढच्या वर्षी आम्ही तिघं कायमचे पुण्याला परततोय. इथे एका जुन्या फर्निचरच्या दुकानात डॅनिश आरेखनकार नील्स मोलर यांच्या ‘मॉडेल ७८’ च्या सहा रोझवूड खुर्च्या ३६,००० क्रोनला मिळतायत. दुकानदार म्हणतो, वर्षाला १२ टक्क्यांनी किंमत वाढते. आमचे विमा एजंट म्हणतात, बचतीला हात लावू नका, पॉलिसीवर पाच लाखांचं कर्ज काढा. गुंतवणूक म्हणून घ्याव्यात का? पत्नी सध्या घरी, मुलगी सात वर्षांची. बाणेरच्या फ्लॅटचं ७० लाख कर्ज बाकी. पॉलिसीचा हप्ता वर्षाला ३ लाख, दहा वर्षं भरायचा, चार भरले. विसाव्या वर्षी ६० लाख मिळतील, म्हणजे पैसे दुप्पट. विमा कव्हर ३० लाख. आज मोडली तर ६ लाख येतात.”

खुर्च्या सुंदर आहेत, यात वाद नाही. मोलर यांनी १९४४ मध्ये तुमच्याच ऑर्हूसला कारखाना काढला आणि ही खुर्ची १९६२ ची. तुमच्या फोटोत पाठीची पट्टी मागच्या पायांत जिथे मिसळते तिथे सांधा शोधावा लागतो. हे एका माणसाचं कसब नाही. कारे क्लिंट यांनी १९२४ मध्ये कोपनहेगनच्या अकादमीत फर्निचरचं शिक्षण सुरू केलं, आणि १९२७ ते १९६६ अशी चाळीस वर्षं तिथले सुतार दरसाल प्रदर्शन भरवून नव्या आरेखनकारांसोबत काम करत राहिले. त्यातून ही पिढी घडली.

पण दुकानदाराचे १२ टक्के सोडून द्या. क्रोन साडेतेरा रुपये धरला तर तुम्ही जवळपास पाच लाख देणार. त्याच खुर्च्या उद्या त्याच दुकानात विकायला नेल्या आणि त्याने तीन लाख देऊ केले, तर नुसती मुद्दल परत यायला किंमत ६० टक्क्यांहून जास्त वाढायला हवी. लिलावात विकल्या तर दलाली विकणाऱ्याकडूनही घेतात आणि घेणाऱ्याकडूनही. शिवाय मॉडेल ७८ अजून बनतं, त्यामुळे ‘आता मिळणार नाही’ हे फक्त रोझवूडबद्दल खरं आहे.

आणि अडचण नेमकी तिथेच आहे. त्या काळच्या डॅनिश फर्निचरमधलं रोझवूड बहुतेक ब्राझीलचं, म्हणजे आपल्या शिसवाच्याच डालबर्जिया प्रजातीतलं. ते झाड संपत आल्यामुळे १९९२ पासून ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक यादीत आहे. युरोपीय संघात अशा लाकडाची वस्तू विकायलासुद्धा प्रमाणपत्र लागतं. सूट आहे ती १९४७ पूर्वीच्या घडवलेल्या वस्तूंना, १९६२ ची खुर्ची त्यात बसत नाही. भारतात आणायची तर निर्यातीचे कागद वेगळे. दुकानदाराने याबद्दल चकार शब्द काढलेला नाही. कागदांशिवाय कंटेनरमध्ये टाकल्या तर कस्टममध्ये अडकतील, आणि पुढे कधी विकायच्या म्हटलं तरी तोच प्रश्न उभा राहील.

तर गुंतवणूक म्हणून नको. हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. मला पत्र वाचताना घाम फुटला तो कंसातल्यासारख्या लिहिलेल्या शेवटच्या चार ओळींनी.

उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर विम्याचे ३० लाख येतील आणि बँकेला ७० लाख द्यायचे राहतील. घरात दुसरी कमाई नाही. डेन्मार्कच्या नोकरीत पेन्शनसोबत काही विमा असेलही, पण तो नोकरीबरोबर संपतो, आणि नोकरी तर तुम्ही सोडताय. वर्षाला तीन लाख भरणाऱ्या माणसाला कव्हर ३० लाखांचं देणं ही सरळसरळ फसवी विक्री आहे. त्याच तीन लाखांपैकी तीस-चाळीस हजारांत, तब्येत ठीक असेल तर, दोन कोटींचा टर्म विमा, म्हणजे बचत नसलेला निव्वळ मृत्यूचा विमा, मिळतो.

“पैसे दुप्पट” हेही तपासू. दहा वर्षांत ३० लाख भरायचे, विसाव्या वर्षी ६० लाख. हप्ते सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतात, म्हणजे परतावा साडेचार टक्के. तुमचं गृहकर्ज साडेआठच्या आसपास असणार. आणि एजंट सांगतायत की याच पॉलिसीवर नऊ-दहा टक्क्यांनी कर्ज काढून खुर्च्या घ्या! व्याज थकत गेलं तर पॉलिसीच बुडते, हे त्यांनी सांगितलं का?

मात्र रागाच्या भरात मोडू नका. आज मोडली तर सहा लाख, म्हणजे भरलेल्याच्या निम्मे. हप्ते थांबवून ती पेड-अप केली, म्हणजे न मोडता कमी रकमेवर चालू ठेवली तर, दहापैकी चार हप्त्यांच्या प्रमाणात, सोळा वर्षांनी २४ लाख यावेत. सहाचे चोवीस म्हणजे दोनदा दुप्पट, दर आठ वर्षांनी एकदा, सुमारे नऊ टक्के. हे वाईट नाही. उलट पुढचे सहा हप्ते भरत राहिलात तर त्या १८ लाखांवर पाच-सव्वापाच टक्केच सुटतात. तेच पैसे दरसाल गृहकर्जात भरले तर साडेआठ टक्के वाचतात. पेड-अप रकमेचा आकडा कंपनीकडून लेखी मागवा. एजंटच्या व्हॉट्सअॅपवरचा धरू नका.

क्रम मात्र चुकवू नका. पेड-अप केल्यावर कव्हर आणखी घटून बाराच लाखांवर येईल. म्हणून आधी टर्म विम्याचा अर्ज, तपासणी, आणि पॉलिसी हातात. त्यानंतरच पाचवा हप्ता थांबवा. हप्त्याच्या तारखेनंतर साधारण महिनाभराची सवलत असते, ती हाताशी आहे. परतीनंतर सहा महिन्यांचा घरखर्च आणि गृहकर्जाचे हप्ते बँकेत बाजूला ठेवा. नवी नोकरी लागायला वेळ लागू शकतो.

राहता राहिली जेवणाच्या टेबलाभोवतीच्या खुर्च्यांची गोष्ट. सहा वर्षं तिथे राहून तिथलं काही घरी आणावंसं वाटणं मला समजतं. बर्गे मोगेन्सेन यांनी १९४७ मध्ये डॅनिश सहकारी संस्थांच्या महासंघासाठी ‘जे ३९’ ही खुर्ची बनवली: साधं लाकूड, कागदी दोरीने विणलेली बैठक, सामान्य घराला परवडेल अशी. सहकाराच्या महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला ती जवळची वाटावी. बीच किंवा ओकच्या जुन्या चार घ्या, रोझवूडच्या कागदांची कटकट नाही. बचतीतून घ्या, आणि घेण्याआधी खुर्ची उलटी करून दोरी कुठे तुटलीय का ते पाहा. मुलगी त्यावर बसून दूध सांडेल, तेव्हा तिला ओरडावं लागू नये एवढ्याच किमतीच्या घ्या.