‘चौदाचा झाला, तरी राक्षसांतून बाहेर येत नाही’

“मॅडम, वयाप्रमाणे हे आतापर्यंत सुटायला हवं होतं ना?” खुर्चीत टेकता टेकताच आईनं विचारलं. शेजारी ओजस. नववीतला, टी-शर्टवर गॉडझिला, नजर खिडकीबाहेर नागपूरच्या धरमपेठेच्या रहदारीवर. (नाव बदललं आहे, घराचे काही तपशीलही. घरच्यांची परवानगी घेऊनच लिहिते आहे.)

मी समुपदेशक. हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून पाच-सात वेळा तरी येतो. कधी कार्टून असतं, कधी कोरियन गाणी, कधी क्रिकेटची कार्डं. पोरगं मोठं झालं आणि आवड मात्र तीच राहिली, की आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. या घरात ती आवड होती जपानी सिनेमांतल्या एका महाकाय प्राण्याची, गॉडझिलाची. खोलीच्या भिंतीवर त्याचीच चित्रं, मोबाइलवर त्याचेच व्हिडिओ, जेवताना त्याच्यावरूनच भांडण आणि मग धाडकन दार बंद. दोन महिन्यांपासून ओजस ताट घेऊन खोलीतच जेवत होता.

मी काय केलं ते आधी कबूल करते. मी हा सरळसरळ मोबाइलचा प्रश्न मानला आणि एक छानसं वेळापत्रक करून दिलं. शाळेनंतर इतका वेळ, रविवारी इतका. आठ दिवसांनी ते वेळापत्रक माझ्या टेबलावर परत आलं. त्याच्या चौकटी चिरडत एक भलंमोठं पाऊल उमटलं होतं, मागून शेपटी, आणि शेपटीखाली ‘रविवार’ दबलेला. चित्र इतकं सुरेख होतं की मी ते ठेवून घेतलं, अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. तेव्हा कुठे मला जो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता तो सुचला.

“भांडण नक्की कोणाशी होतं?”

“बाबांशी,” आई म्हणाली. “आणि मॅडम, तुम्हाला हसू येईल. दोघांनाही तोच राक्षस आवडतो.”

पुढच्या भेटीला बाबा आले. वय चव्वेचाळीस, बँकेत नोकरी, बोलणं मुद्देसूद. ‘तुम्हाला गॉडझिला का आवडतो?’ एवढंच विचारलं, तर पंचवीस मिनिटं बोलले. १ मार्च १९५४ला अमेरिकेनं बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची किरणोत्सारी राख तेवीस खलाशी असलेल्या एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. सगळे आजारी पडले आणि बोटीवरचा रेडिओ ऑपरेटर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेला. हिरोशिमा-नागासाकीला तेव्हा जेमतेम नऊ वर्षं झाली होती. नोव्हेंबरात इशिरो होंडांचा ‘गोजिरा’, म्हणजे गॉडझिलाचा पहिला सिनेमा, आला. नाव गोरिला आणि ‘कुजिरा’ म्हणजे देवमासा यांतून जुळवलेलं. त्याची ती डरकाळी म्हणजे राळ लावलेला चामड्याचा हातमोजा डबल बेस या मोठ्या तंतुवाद्याच्या तारांवरून घासून काढलेला आवाज.

“तो पिक्चर म्हणजे शोकगीत आहे मॅडम,” बाबा म्हणाले. “आणि हा काय बघून राहिला? तर गॉडझिलाच्या पाठीच्या काट्यांना गुलाबी रंग, आणि तो त्या काँग माकडाच्या बाजूनं ऑलिंपिकसारखा धावतोय! हे फॅन म्हणवतात स्वतःला.”

ओजस खिडकीकडे बघतच म्हणाला, “राख, बोट, हातमोजा. मला पाठ आहे. शंभर वेळा ऐकलंय.”

ओजसची गोष्ट अगदीच वेगळी निघाली. २०२१ साली, लॉकडाऊनच्या दिवसांत, तो दहा वर्षांचा असताना त्यानं गॉडझिला आणि काँगची झुंज पाहिली. ती टॉकीजमध्ये नाही, तर चादरीखाली आईच्या मोबाइलवर. ऑनलाइन शाळेत कॅमेरा बंद करून त्याच्या वर्गातली चार पोरं ‘कोण जिंकेल’ यावरून तासन् तास भांडत. शाळा उघडल्यावर तीच चार पोरं त्याचे मित्र झाली, आजही आहेत. त्याच्यासाठी गॉडझिला म्हणजे बॉम्ब नाही. कोणालाच घराबाहेर पडता येत नव्हतं तेव्हा जो बाहेर पडून सगळं तुडवत गेला, तो. हे शब्द माझे. त्याचे एवढेच होते, “भारी वाटायचं.”

इथं त्या मूळ काळजीबद्दल थोडं बोलते, कारण वाचणाऱ्या कितीतरी आयांना तीच असेल. चौदाव्या वर्षी राक्षस आवडणं हा आजार नाही. चाळिशीत आवडणंही नाही. मी बघते ते आजूबाजूचं. झोप किती लागते, जेवण जातं का, अभ्यास अचानक घसरला का, मित्र आहेत का, त्या विषयाखेरीज दुसऱ्या कशावर हसतो का. ओजसचे मित्र होते, मार्क ठीकठाक होते, झोपही होती. बिघडलं होतं ते एवढंच, की तो घरात बोलत नव्हता. दार बंद व्हायचं ते राक्षसामुळे नाही. जेवताना त्याची परीक्षा घेतली जायची आणि त्यात तो रोज नापास व्हायचा, म्हणून.

यात मी बाबांना खलनायक करत नाहीये. आपली आवडती गोष्ट मुलाच्या हाती द्यावी असं कोणाला वाटत नाही? पण देताना आपल्याला वाटतं, मुलगा ती आपल्याच दारातून आत येऊन घेईल. पोरगं येतं खिडकीतून. मग आपण त्याला बाहेर काढतो आणि म्हणतो, दारातून ये.

आणि हे एकट्या नागपुरातलं नाही. खुद्द जपानात या चाहत्यांचे थर पडले आहेत, कारण गॉडझिलाच सारखा बदलत गेला. १९५४चा तो पन्नास मीटरचा कर्दनकाळ साठच्या दशकात पोरांचा लाडका झाला, त्याला पिल्लूही आलं. १९७५नंतर तो काही वर्षं गप्प बसला. १९८४ला परतला तेव्हा पुन्हा उग्र, आणि ऐंशी मीटर उंच, कारण तोवर टोकियोच्या इमारती वाढल्या होत्या. २०१६चा तर ११८.५ मीटरचा. आठ वर्षांच्या पोरानं ज्याला बघून टाळ्या पिटल्या आणि अठरा वर्षांच्या पोरानं ज्याला बघून अंग चोरलं, तो एकच प्राणी कसा असेल? दोघंही ‘माझा खरा’ म्हणणारच.

मग मी घराला एक काम दिलं. दर शनिवारी एकानं सिनेमा निवडायचा, बाकीच्यांनी बघायचा, आणि निवडणाऱ्यानं मध्ये बोलायचं नाही. शिवाय महिनाभर ‘खरा’ हा शब्द बंद.

पहिला शनिवार बाबांचा. विसाव्या मिनिटाला त्यांनी रिमोट दाबून बोटीची गोष्ट सुरू केली, आणि ओजस उठून गेला. सोमवारी बाबांनी स्वतःच फोन करून सांगितलं, “मॅडम, मी फेल झालो.” मला ते फार आवडलं.

दुसऱ्या शनिवारी पारी आबाजींची. म्हणजे ओजसचे आजोबा, बहात्तर वर्षांचे. महालातलं जुनं घर विकून ते मुलाकडे राहायला आले आहेत. या सगळ्या प्रकरणात त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं, मीही नाही. शाळकरी वयात सीताबर्डीच्या एका टॉकीजमध्ये त्यांनी असला एक जपानी सिनेमा पाहिला होता. नाव आठवत नव्हतं, म्हणून ओजसनं साठच्या दशकातला एक शोधून लावून दिला. त्यात रबरी सूट घातलेली माणसं पुठ्ठ्याच्या इमारतींवर आदळतात. ओजस हसायला लागला, “आबाजी, आत माणूस आहे हे दिसतंय!”

“दिसते न,” आबाजी म्हणाले. “मोहरमात माणसं वाघ बनत, अंगाला पट्टे रंगवून. आमच्याच गल्लीतला पोट्टा राहे, आम्हाले माहीत राहे. तरी पळो का नाही पळो?”

पहिला गॉडझिला झालेले हारुओ नाकाजिमा जवळपास शंभर किलोच्या सूटमध्ये घामानं निथळत चालायचे, हे बाबांना माहीत होतं. तोंडापर्यंत आलंही होतं म्हणे. पण नियम आठवला आणि ते गप्प बसले. मग सिनेमा संपल्यावर ओजसनंच विचारलं, “बाबा, आत कोण होतं?” किती दिवसांनी त्यानं आपण होऊन काही विचारलं होतं. उत्तर या वेळी दोन मिनिटांत संपलं, असं आईनं कौतुकानं सांगितलं.

त्यानंतरच्या भेटीला मी तिघांनाही बोलावलं आणि एकच गोष्ट मागितली: तुम्ही त्याला पहिल्यांदा कुठं भेटलात ते सांगा. बाबा ताठ बसले. १९५४चा मूळ सिनेमा, कॉलेजात असताना, कॉम्प्युटरवर, इंग्रजी सबटायटल्ससकट. तिथून पुन्हा बॉम्बकडे वळणार तोच आबाजी म्हणाले, “म्हणजे आपली मारबतच म्हण न. इडापिडा घेऊन जा गे मारबत.”

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बायांचे भलेमोठे पुतळे, इतवारी-महालाच्या रस्त्यांवरून निघतात, सोबत बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे असतात. १८८०च्या दशकापासून नागपूरकर आपली रोगराई, आपले राग त्या अक्राळविक्राळ बायांच्या अंगावर घालतात आणि गावाबाहेर नेऊन जाळतात. कधी महागाईचा बडगा, कधी भ्रष्टाचाराचा. बाबांच्या पंचवीस मिनिटांचं काम आबाजींनी एका ओळीत करून टाकलं होतं. ओजस पहिल्यांदा खिडकीकडून आत वळला. “म्हणजे दरवर्षी नवा पार्ट काढतात!”

आणि मग आबाजींनी सहज, अगदी सहज म्हटलं, “पण तू कॉलेजात कुठं भेटला रे त्याले? तू त त्याच्या आधीच पाहून आला होता. बारावीत. तो अमेरिकेतला, हिंदीत. चार दिवस त तसाच चालून राह्यला होता घरात, मान पुढं काढून.”

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा ऐकू आला.

या विषयाशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. १९९८चा तो अमेरिकी गॉडझिला या चाहत्यांच्या जगात जवळजवळ शिवीच आहे. न्यूयॉर्कमध्ये अंडी घालणारी एक मोठी पाल. खुद्द जपानी कंपनीनं पुढे त्याच्या नावातलं ‘गॉड’ काढून ‘झिला’ एवढंच ठेवलं, आणि २००४च्या सिनेमात जपानी गॉडझिलाकडून त्याला काही सेकंदांत उडवून लावलं. त्या प्रसंगावर बाबा घरात दरवेळी टाळ्या वाजवत. ओजसला तो किस्सा तोंडपाठ होता.

बाबा बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. मग बोलले. वय सतरा, सहा मित्र, सायकली, बर्डीवरची टॉकीज, बाहेर पाऊस आणि पडद्यावरही पाऊस. आयुष्यात इतकं मोठं काही पाहिलं नव्हतं. दोन-तीन वर्षांनी सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून परदेशातल्या चाहत्यांशी बोलायला गेले, उत्साहानं आपला आवडता सांगितला, तर त्यांनी असं काही झोडपलं की पुन्हा कधी उच्चार केला नाही. मग जुने सगळे सिनेमे मिळवून पाहिले, तारखा पाठ केल्या, आणि आपली सुरुवात बदलून घेतली.

“तुम्हाला पण बोलले होते?” ओजस म्हणाला.

“लई बोलले.”

मी त्यावर काही जोडलं नाही. अशा वेळी समुपदेशकानं पाणी प्यावं, मी प्यायले.

त्यानंतर ताट खोलीतून बाहेर आलं, पण सगळं गोडीगुलाबीनं चाललंय असं समजू नका. गुलाबी काट्यांवरून अजून वाजतं. ओजसनं आपल्या शनिवारी तोच २०२४चा सिनेमा लावला, तर बाबा अख्खा वेळ उशी छातीशी धरून बसले होते. धावण्याचा प्रसंग आला तेव्हा हसू दाबत होते, असं ओजसचं म्हणणं. बाबांना ते मान्य नाही.

शेवटच्या भेटीला ओजसनं वही आणली होती. तिच्यात गॉडझिला अंबाझरी तलावातून वर येतो आणि वर्धा रोडवर मेट्रोच्या खांबांना कंबर घासत निघतो. बाबांनी लगेच हिशोब केला, “अंबाझरीत तो मावायचा नाही रे, गुडघाभर पाणी होईल त्याला.” मी विचारलं, अंबाझरीच का? फुटाळा का नाही? ओजसनं खांदे उडवले. “पाणी तिथूनच आलं होतं ना.”

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. यांचं घर तळमजल्यावर. दिवाणाखाली बाबांचा खोका होता, वीस वर्षांत जमवलेल्या सीड्या आणि मूर्ती. सकाळी त्यातला बहुतेक माल चिखलासोबत गेला. त्याबद्दल बाबा कोणाशी बोलले नव्हते. आईनंही तो खोका मोजला नव्हता, फ्रिज आणि गाद्या मोजल्या होत्या.

वही बघून झाल्यावर बाबांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. वीतभर लांबीचा प्लॅस्टिकचा प्राणी, एक पाय तुटलेला, पाठीच्या काट्यांच्या खाचांत वाळलेला चिखल. मला सगळे सारखेच दिसतात, पण ओजस खुर्चीतून अर्धा उठला.

“झिला? बाबा, तुमच्याकडे झिला आहे?”

“बारावीच्या सुट्टीत घेतला होता. त्या सगळ्यांतून हाच वाचला,” बाबा म्हणाले. “ब्रश घेऊन साफ करतो आता.”

“नका करू!” ओजसनं तो हातातून काढूनच घेतला. “लोक रंग लावून लावून असं वेदरिंग करतात. हा तर ओरिजिनल आहे.”