जीपीए ३.१ आहे? आधी हे कर

४ पैकी ३.१ जीपीए (ग्रेडची सरासरी) म्हणजे अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलचं दार बंद, असं मुळीच समजू नकोस. पण यंदाच घाईने अर्ज टाकू नकोस, एवढं माझं ऐक. सगळ्यात महागात पडणारी चूक तीच.

आधी ट्रान्सक्रिप्ट समोर घेऊन बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्सचा जीपीए वेगळा काढ. बहुतेक मेडिकल स्कूलचे सामाईक अर्ज घेणारं एएमसीएएस तो वेगळा मोजतं. विषय पुन्हा घेतला तरी जुनी ग्रेड पुसली जात नाही, दोन्ही धरतात. मी ऑरगॅनिक केमिस्ट्रीमधल्या ‘सी’ची पुन्हा मेहनत करून ‘बी प्लस’ केली, सरासरी जेमतेम हलली. त्यापेक्षा बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजीसारखे वरचे नवे विषय घे आणि सलग दोन-तीन सेमिस्टर ‘ए’ आण. चढता आलेख प्रवेश समितीच्या नजरेत भरतो.

बाकी:
- एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) ‘बघू तरी’ म्हणून देऊ नकोस. जुने स्कोअरही कॉलेजांना दिसतात.
- डीओ (ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) कॉलेजांना कमी लेखू नकोस. तिथले पदवीधरही पूर्ण परवान्याचे डॉक्टर असतात.
- निबंधात कमी ग्रेडचं कारण दोन ओळींत सांग, रडगाणं नको.

मास्टर्सचा विचार नंतर. आधी पुढच्या सेमिस्टरचे विषय ठरव आणि यादी मला दाखव, नक्की बघेन.