हनोईत आई-बाबांना रस्त्यावरचं खायला घालू का? पोट बिघडणार नाही ना?

घाला की, फक्त वेळ बघून. तुम्ही लिहिलंय की दोघंही साठीच्या पुढचे, बाबांना चिकन-मासे चालतात, आई शाकाहारी, आणि भीतीपोटी सगळं हॉटेलच्या बुफेवरच भागवायचा विचार आहे. तसं नका करू हो, इथलं खरं जेवण फुटपाथवरच आहे. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे हनोईत राहते, रोज हेच खातो आम्ही.

सगळे म्हणतात गाडा स्वच्छ दिसतो का ते बघा. मला ते अर्धवट वाटतं. इथं बहुतेक गाड्यांवर एकच पदार्थ मिळतो आणि त्या पदार्थाची वेळ ठरलेली असते, फो (तांदळाच्या शेवयांचं सूप) सकाळी, बुन चा (भाजलेलं डुकराचं मांस आणि शेवया) दुपारी जेवायच्या टायमाला. त्या वेळेला गेलात की माल ताजा, गिऱ्हाईक वाहतं, पातेलं उकळतंय. बाबांना सकाळी सातला फो गा द्या, म्हणजे चिकनचा, उकळतं सूप तुमच्यासमोर वाटीत ओतलं जातं. सोबतचा कच्चा पाला पहिले दोन दिवस सोडाच, तो कुठल्या पाण्यात धुतलाय ते आपल्याला दिसत नाही.

बान कुऑन मुद्दाम दाखवा त्यांना. उकळत्या पातेल्यावर कापड ताणून बांधलेलं असतं, त्यावर तांदळाचं पातळ पीठ पसरून झाकण ठेवतात, मिनिटभरात बांबूच्या पट्टीने ती पारदर्शक पोळी उचलतात, सारण भरून गुंडाळी करतात आणि वरून तळलेला कांदा. सारणात डुकराचा खिमा असतो, नको असेल तर रिकामी मागता येते. आणि बाबांना चा का नक्की खाऊ घाला, हळद लावलेले माशाचे तुकडे टेबलावरच शेगडीवर ढीगभर शेपू घालून परततात, शेपू आणि हळद बघून त्यांना एकदम घरचं वाटेल! हे बहुतेक दुकानात बसून खायचं असतं.

जपायचं ते बान मीला, म्हणजे इथल्या पावाच्या सँडविचला. पाव ताजा असतो, पण आतलं पाटे (कलेजीचं वाटण), कच्च्या अंड्याचं मेयो आणि मांसाचे काप उन्हात तासन् तास काचेत पडून असतात. मे 2024 मध्ये डोंग नाय प्रांतात एका दुकानातल्या बान मीमुळे पाचशेच्या वर लोक आजारी पडले होते. खायचंच असेल तर सकाळी, समोर तव्यावर केलेल्या ऑम्लेटचं घ्या, पाटे-मेयो नको सांगून. आणि कोणी कितीही कौतुकाने तिएत कान्ह पुढे केलं तरी हात लावू नका, ते कच्चं रक्त असतं, त्यातून होणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस सुइसच्या इन्फेक्शनने मेंदूज्वर होतो, माणूस कायमचा बहिराही होऊ शकतो.

बर्फ मधे भोक असलेला नळीसारखा असेल तर तो फॅक्टरीतला, तो आम्ही घेतो. लादी फोडून केलेला चुरा नको. पाणी बाटलीचंच.

आईंसाठी 'कॉम चाय' विचारा, म्हणजे शाकाहारी जेवण. नुसतं मांस नको म्हटलं तर भाजीत न्वोक माम, म्हणजे माशाचा सॉस, हमखास येतो, त्यामुळे कॉम चायच्याच दुकानात जा. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी इथले बरेच बौद्ध लोक मांस खात नाहीत, तेव्हा चॉइस भरपूर असतो, ट्रिपच्या तारखा जुळतायत का बघा.

ओआरएसची पाकिटं घरून आणा, इथं संपली तर औषधाच्या दुकानात ओरेसोल मागा. ताप आला, शौचात रक्त दिसलं किंवा पाणीही पोटात टिकत नसेल तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा, या वयात अंगातलं पाणी फार पटकन कमी होतं.

आणि पैसे देताना नोट नीट बघा, 20,000 आणि 500,000 डोंग दोन्ही निळ्याच आहेत, रात्री गाड्याच्या उजेडात पटकन कळत नाहीत.