अर्धी म्हणजे नेमकी किती?

प्रश्न : माझ्या सासूबाईंना रोज अर्धी गोळी घ्यायची आहे. गोळी पांढरी, गोल, शर्टाच्या बटणाहून लहान, मधोमध रेघ आहे. मी ती सुरीने कापते. एक तुकडा मोठा होतो, एक लहान, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादा उडून कपाटाखाली जातो. सासूबाई पाण्याचा पेला हातात घेऊन विचारतात, "आज थोरली अर्धी आहे की धाकटी?" हसू येतं, पण काळजीही वाटते. पिल कटर नावाच्या डब्या मिळतात. त्यातली कोणती घ्यावी, की सगळ्या सारख्याच?

उत्तर : ताई, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. औषधं देण्यात माझी चौतीस वर्षं गेली, पण हा प्रश्न इतक्या नेमक्या शब्दांत मला कोणी विचारला नव्हता.

पण डबीकडे वळण्याआधी गोळीकडे बघू. रेघ आहे म्हणजे कापायला हरकत नाही, असं धरून चालू नका. बहुतेक वेळा रेघ त्यासाठीच असते. काही गोळ्यांवर मात्र ती नुसती खूण असते. पाकिटावर नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, सीआर अशी अक्षरं असतील तर ते औषध हळूहळू सुटण्यासाठी बनवलेलं असतं. काही गोळ्यांवर पोटातल्या आम्लाला दाद न देणारं आवरण असतं. या दोन्ही जातींना केमिस्टला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक आजोबा म्हणाले, गोळी मोठी आहे, गिळवत नाही. मी काउंटरवरची कात्री घेतली, गोळीचे दोन तुकडे केले, त्यांनी तिथेच दोन्ही गिळले, आणि मी खूश. गोळी दिवसभर पुरायची होती. औषध दोन-तीन तासांतच अंगात उतरलं. संध्याकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला, बाबांना चक्कर येतेय. ते सुखरूप राहिले. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. हळूहळू सुटणारी गोळी कापायची नाही, याला अपवाद आहेत. मेटोप्रोलॉल या रक्तदाबाच्या औषधाच्या हळूहळू सुटणाऱ्या काही गोळ्या बारीक आवरणबंद कणांच्या असतात, त्या रेघेवर अर्ध्या करता येतात. चावायच्या किंवा कुटायच्या मात्र नाहीत. पण अपवाद कोणता हे आपण ठरवायचं नाही.

तुमची गोळी कापण्यासारखी आहे असं केमिस्टने सांगितलं, की मग डबी.

माझ्या खणात पाच पिल कटर आहेत. दोन विकत घेतलेले, तीन लोकांनी "हा काही कामाचा नाही" म्हणून देऊन टाकलेले. पाचांतले दोनच मी वापरते, आणि त्या दोघांत एक गोष्ट सारखी आहे : गोळी हलत नाही. पातं किती धारदार, झाकण कोणत्या रंगाचं, खाली गोळ्या ठेवायला कप्पा आहे का, हे सगळं नंतरचं.

गोळी बसते त्या जागेला इंग्रजी व्ही अक्षराचा आकार असतो. दोन भिंती एका टोकाला जवळ येतात आणि पातं त्यांच्या बरोबर मधून खाली येतं. गोल गोळी त्या खोबणीत आत सरकवून दोन्ही भिंतींना टेकवली, की ती लहान असो वा मोठी, तिचा मध्य आपोआप पात्याच्या रेषेवर येतो. म्हणून एकच डबी वेगवेगळ्या आकारांना चालते. पण पातं जर मुळातच एका बाजूला कललेलं असेल, तर प्रत्येक गोळी त्याच बाजूला चुकणार, आणि थोरली अर्धी रोज डावीकडेच येणार. म्हणून विकत घेताना रिकाम्या डबीचं झाकण सावकाश मिटून बघा. पातं खालच्या फटीत मधोमध उतरतं का? मग झाकण अर्धवट उघडं ठेवून बोटांनी आडवं हलवा. बिजागरी डुगडुगत असेल तर परत ठेवून द्या. झाकण पारदर्शक हवं, कारण गोळी जागेवर आहे हे पातं टेकायच्या क्षणी दिसायला हवं.

लांबट गोळ्यांचं गणित निराळं. त्या व्हीमध्ये तिरक्या बसतात आणि मग तुकडेही तिरके पडतात. घरात तशी गोळी असेल तर समांतर भिंतींची, किंवा बाजूचे रबरी हात पुढेमागे सरकवता येतील अशी डबी घ्या. गोळी पात्याला आडवी ठेवायची, रेघ बरोबर पात्याखाली.

पातं पातळ असावं, दाढीच्या पात्यासारखं. जाड पातं गोळी कापत नाही, पाचरीसारखं आत घुसून तिला फोडतं, आणि फुटलेली गोळी वाटेल तिथे फुटते. झाकण उघडल्यावर पातं आपोआप झाकलं जाईल असा आडोसा असेल तर उत्तम. नातवंडांच्या घरात तर तो हवाच. तुमच्या सासूबाई स्वतः कापणार असतील आणि त्यांचा हात थरथरत असेल, तर रुंद बुडाची, टेबलावर न घसरणारी डबी बघा. खिशात मावणारी इटुकली डबी दिसायला गोड असते, पण ती धरायलाच एक हात जातो.

कापताना रेघ वर. गोळी भिंतींना टेकली आहे ना, हे बघून झाकण एका दमात, ठामपणे मिटायचं. हळूहळू दाबलं की कडा चुरते. झाकण दोनदा दाबायचं नाही. आणि गोळी बोटाने धरून पात्याखाली कधीही नाही, "आत्ता फक्त सरळ करतेय" म्हणूनसुद्धा नाही.

आता थोरली-धाकटीचा हिशेब. तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी माझीच रक्तदाबाची एक रेघवाली गोळी नाजूक काट्यावर ठेवली. वजन २०६ मिलिग्रॅम. त्यात औषध अवघं ५ मिलिग्रॅम, बाकी सगळं गोळीला आकार देणारं भरताड. म्हणजे अर्धी हवी १०३ची. सुरीने कापली : ११८ आणि ८३, आणि फळीवर पांढरा चुरा. दुसरी त्याच पाकिटातली, जवळपास तेवढ्याच वजनाची, कटरने कापली : १०४ आणि १०१. युरोपच्या औषधसंहितेत रेघेवर मोडणाऱ्या गोळ्यांची चाचणी आहे. ३० गोळ्या मोडायच्या, प्रत्येकीचा एक तुकडा तोलायचा, आणि एखादाच सोडून बाकी सगळे तुकडे सरासरीच्या ८५ ते ११५ टक्क्यांत यायला हवेत. त्या मापाने माझी सुरीची थोरली जेमतेम पास, धाकटी नापास.

कटर म्हणजे जादू नव्हे, हेही सांगते. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली पाच जणांकडून वेगवेगळ्या पद्धतींनी गोळ्या कापून घेतल्या. सगळ्या पद्धती मिळून ३१ टक्के तुकडे अपेक्षित वजनापासून १५ टक्क्यांहून जास्त ढळलेले होते. फक्त कटरचे बघितले तरी १३ टक्के तुकडे १५ ते २५ टक्क्यांनी ढळलेले होते. सुरी-कात्रीपेक्षा कटर बराच बरा, पण काटेकोर नाही.

तरीही सासूबाईंना घाबरवू नका. आज थोरली घेतली तर उद्या त्याच गोळीची धाकटी घ्यायची, दोन दिवसांत एक गोळी पुरी होते. जी औषधं शरीरात रेंगाळतात, त्यांना हा एवढा चढउतार जाणवतही नाही. थायरॉईडच्या लेव्होथायरॉक्सिनचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण आठवडा लागतो, रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनचं ३० ते ५० तास. हृदयासाठीचं डिगॉक्सिन, फिटसाठीचं फेनिटोइन, लिथियम ही मात्र अशी औषधं आहेत की थोडं इकडे-तिकडे झालं तर भारी पडतं. तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय कटर काढायचाच नाही.

शेवटचं, आणि खरं तर पहिल्यांदा करण्याजोगं : डॉक्टरांना विचारा की हीच गोळी निम्म्या ताकदीची मिळते का. पुष्कळदा मिळते. मग डबीही नको आणि थोरली-धाकटीही नको. सासूबाईंना थोडं चुकल्यासारखं वाटेल, तेवढंच.

प्रश्न : महिन्याच्या गोळ्या एकदम कापून डबीत भरून ठेवल्या तर चालेल का? रोज सकाळी घाई असते.

उत्तर : नको. पाकिटातून काढलेल्या गोळीला ओल आणि उजेड लागतो, आणि कापल्यावर आतला भाग उघडा पडतो. लेव्होथायरॉक्सिनसारखी औषधं याबाबतीत फार नाजूक. एक गोळी कापा, अर्धी घ्या, उरलेली अर्धी झाकणबंद ठेवून पुढच्या वेळी घ्या. एका घरात दोघांच्या गोळ्या असतील तर दोन कटर. नाही जमलं, तर प्रत्येक वेळी कोमट पाण्याने आणि साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करायचा. एखाद्याला ज्या औषधाची ॲलर्जी आहे, त्या औषधाची भुकटी त्याच्या गोळीला लागता कामा नये. खोबणीतला चुरा जुन्या मऊ ब्रशने निघतो. नवीन असताना स्वच्छ कापणारा कटर काही महिन्यांनी चुरा पाडू लागला, तर दोष गोळीचा नाही, पातं बोथटलं आहे.

प्रश्न : गोळीचे चार भाग करायला सांगितले आहेत. कटरने होतील?

उत्तर : ज्या गोळीवर अधिकच्या चिन्हासारखी फुली आहे, तिचे होतील. बाकीच्यांच्या बाबतीत पहिल्या कापातली चूक दुसऱ्या कापात आणखी वाढते, आणि पाव गोळीचा तुकडा इतका लहान होतो की व्हीमध्ये टेकतच नाही. पातळ औषध किंवा कमी ताकदीची गोळी मिळते का, ते डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : यजमानांना प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड चालू आहे. गिळायला त्रास होतो म्हणून गोळी मुलगी कापून देते. ती सध्या गरोदर आहे. काही हरकत?

उत्तर : आहे, आणि हे आजच थांबवा. अखंड गोळीवर आवरण असतं, त्यामुळे ती हाताळताना औषध हाताला लागत नाही. मोडलेल्या गोळीचा चुरा गरोदर बाईच्या अंगाला लागू देऊ नये, कारण मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत या औषधाने बाधा येऊ शकते. आजवर तिने हाताळल्या असतील तर घाबरवू नका, पण तिच्या डॉक्टरांना सांगा. यापुढे चुरा चुकून हाताला लागलाच तर लगेच साबणाने हात धुवायचे. गिळण्याच्या त्रासाबद्दल यजमानांच्या डॉक्टरांशी बोला, आणि तोवर तो कटर मुलीने धुवायचाही नाही.