लेंड्या दिसल्या की झाडू नको

प्रश्न : मी नाशिकची, सध्या मुलाकडे डेन्व्हरला आले आहे. त्यांनी डोंगरात एक जुनं लाकडी घर घेतलंय. हिवाळाभर बंद होतं, आता उघडायचंय. मुलानं फोटो दाखवला, ओट्याखाली उंदराच्या लेंड्याच लेंड्या. मी म्हटलं, झाडू दे, तासाभरात लख्ख करते. तर म्हणतो, "आई, साफ होईपर्यंत तू आत यायचंच नाही." आमच्या वाड्यात जन्मभर उंदीर पाहिले. एवढं भ्यायचं कारण काय?

उत्तर : ताई, मुलाचं ऐका. तुमच्या वाड्यातला उंदीर वेगळा आणि तिकडच्या डोंगरातला डीअर माउस वेगळा. टपोरे डोळे, तपकिरी पाठ, पांढरंशुभ्र पोट, शेपटीही वरून गडद आणि खालून पांढरी. दिसायला गोजिरवाणा. पण यातल्या काहींच्या अंगात 'सिन नोम्ब्रे' हा हंता विषाणू असतो. उंदीर स्वतः ठणठणीत राहतो. विषाणू त्याच्या मुतातून, लेंड्यांतून, लाळेतून बाहेर पडतो. कोरड्या लेंड्यांवर झाडू फिरवला की धूळ उडते आणि ती थेट छातीत जाते. व्हॅक्युम क्लीनरही नको, तोही तेच करतो.

१९९३ साली न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि युटा मिळतात त्या भागात धडधाकट तरुण माणसं फुफ्फुसात पाणी भरून दगावली, तेव्हा हा विषाणू ओळखला गेला. २०१२मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात १० जणांना लागण झाली, ३ गेले. त्या दहांपैकी ९ जण दुहेरी भिंतींच्या तंबूंत राहिले होते आणि उंदरांनी घरटी केली होती ती नेमकी त्या भिंतींच्या पोकळीत. म्हणून मुलाला सांगा, फक्त ओट्याखाली बघून थांबू नकोस; कपाटांच्या मागे, गाद्यांत, भिंतींच्या फटींतही बघ.

साफसफाईची रीत अशी. दारं-खिडक्या सताड उघडून अर्धा तास बाहेर थांबायचं. मग रबरी हातमोजे घालून एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी असं ताजं मिश्रण लेंड्यांवर चिंब होईपर्यंत फवारायचं. पाच मिनिटं भिजू द्यायचं, कागदी टॉवेलनं टिपून पिशवीत बांधून टाकायचं. नंतर फरशी ओल्या फडक्यानंच पुसायची. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातूनही हे उंदीर आत येतात, तेव्हा भोकांत तारेची घासणी कोंबून वरून लिंपून घ्या.

यावर खास औषध नाही, लसही नाही. मृत्यूचं प्रमाण तीनांत एक, किंवा थोडं जास्तच. पण वेळेत अतिदक्षता विभागात पोचलेल्याला वाचवता येतं. त्यामुळे पुढच्या आठ आठवड्यांत घरात कोणाला ताप आला, मांड्या, कंबर, पाठ ठणकू लागली, तर फ्लू म्हणून अंगावर काढू नका. दम लागायची वाट तर मुळीच बघू नका. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा, "आम्ही उंदरांचं घर साफ केलं होतं."